छापण्याआधीचा चहा

खिशातून घडी केलेला कागद काढायचा, टेबलावर उलगडायचा आणि दोन बोटांनी त्याचा वरचा कोपरा दाबून धरायचा. समोरच्याने ओढला तर फाटू नये म्हणून. मग तो म्हणायचा, "दखाडाले उनू शे, इचाराले नही." दाखवायला आलोय, विचारायला नाही.

त्या कागदावर समोर बसलेल्या माणसाचंच व्यंगचित्र असायचं, आणि ते दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर छापून येणार असायचं.

नंदुरबारच्या त्या दैनिकात आम्ही दोघं व्यंगचित्रं काढायचो. पहिल्या पानावरची रोजची चौकट त्याची आणि रविवारचं मोठं चित्र माझं. उरलेल्या वेळात मी बातम्या तपासायचो, तो जाहिरातींची अक्षरं काढून द्यायचा. ज्याचं चित्र काढलं त्याला ते छापण्याआधी दाखवायचं, हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. तो त्याने नोकरीभर पाळला आणि शेवटच्या आजारात तोच नियम त्याला स्वतःसाठी हवा होता. त्याच्या मृत्यूच्या बातमीसोबत त्याचं चित्र येणार हे उघड होतं. ते मीच काढणार हेही उघड होतं. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जायचं नाही, एवढीच त्याची मागणी होती. पण तिथपर्यंत येण्याआधी हा माणूस कसा होता, ते सांगायला हवं.

तो मोपेडवरून फिरायचा. दुपारी जेवण झालं की पेन्सिलीचं कच्चं चित्र खिशात टाकून निघायचा. कधी बाजार समितीत, कधी नगरपालिकेत, कधी प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडून थेट शहाद्याच्या बाजूला. कळसाडीचे एक शेतकरी कार्यकर्ते तर त्याला चित्र उलगडूच द्यायचे नाहीत. "पहिले जेवी ले, मंग भांडूत," म्हणायचे. जेवण व्हायचं, भांडण व्हायचं, आणि संध्याकाळपर्यंत तो चित्रावर शाई फिरवायला ऑफिसात हजर असायचा. भांडणाचा चित्रावर काही परिणाम झालाय का, हे मी कच्च्या आणि पक्क्या चित्राची तुलना करून पाहायचो. कधीही झालेला नसायचा.

आमचे संपादक बाहेरून आलेले होते. सभ्य माणूस, पण वृत्तपत्राच्या शिस्तीला पक्के. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच प्रूफं घेऊन उभा होतो.

"ज्याच्याविरुद्ध बातमी असते त्याची बाजू आपण घेतो," संपादक म्हणाले. "पण त्याला बातमी वाचायला देत नाही. मग चित्र का दाखवायचं?"

"साहेब, बातमीमा मानूसनं नाव ऱ्हास. चित्रमा त्यानं आंग ऱ्हास. ज्यानं आंग शे, त्याले पहिलं दखाडाले पाहिजे."

संपादकांना अहिराणी येत नव्हती. मी भाषांतर केलं: बातमीत नाव असतं, चित्रात शरीर असतं, ज्याचं शरीर, त्याने ते आधी पाहायला हवं. संपादकांनी माझ्या हातातली प्रूफं घेतली. मग म्हणाले, "यापुढे जाऊ नका." त्याने मान डोलावली, बाहेर आला, कागदाची घडी केली आणि मोपेडला किक मारली.

चित्राखालचा मजकूर तो शुद्ध मराठीत लिहायचा, ऱ्हस्व-दीर्घासकट. बोलायचा मात्र सगळ्यांशी अहिराणीत. त्यात कलेक्टर कचेरीतले लोक आले, संपादक आले आणि एकदा चुकून आलेला वृत्तसंस्थेचा बंगाली छायाचित्रकारही आला. त्या छायाचित्रकाराशी तो तासभर बोलला आणि दोघं खूश होऊन उठले. काय बोलले ते दोघांनाही सांगता आलं नाही.

तुम्ही नंदुरबारचे असाल तर मिरचीच्या हंगामात ती वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून येणारा वारा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. शहराबाहेरची मोकळी रानं ओल्या मिरचीने लाल झालेली असतात आणि निम्मं गाव शिंकत असतं. एका वर्षी त्याने एका मिरची व्यापाऱ्याचं चित्र काढलं. व्यापारी भाषण करतोय आणि समोरचे श्रोते डोळे पुसताहेत. भाषणाने गहिवरून नव्हे, मागच्या पथारीमुळे. व्यापाऱ्याचं पोट टेबलाच्याही पुढे आलेलं. नेहमीप्रमाणे तो दाखवून आला. व्यापारी चिडला, चहा पाजला, पुन्हा चिडला.

त्याच दिवशी ऐनवेळी मोठी जाहिरात आली आणि चौकट पहिल्या पानावरून गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला व्यापारी ऑफिसात.

"काल दखाडी गया, आज छापं नही? मी पुऱ्या बजारमा सांगी बठनू!"

"भाऊ, जाहिरात उनी."

"जाहिरात? मन्हाथून मोठी? मन्हं पोट काय लहान व्हतं का?"

चित्र चार दिवसांनी छापलं. व्यापारी तोपर्यंत रोज फोन करत होता. आमच्या दैनिकाच्या इतिहासात व्यंगचित्र का छापलं नाही म्हणून तक्रार करणारा तो एकटाच असावा.

सगळेच असे नव्हते. एका पुढाऱ्याने कागद त्याच्या बोटांखालून काढून घेतला आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला. "हाऊ कागद आठेच ऱ्हाई," ते म्हणाले. हा कागद इथेच राहील.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि उठला. चौकटीची वेळ जवळ आली होती आणि ऑफिस लांब होतं. वाटेत एसटी स्टँडच्या बाकावर बसून, मांडीवर पॅड ठेवून त्याने तेच चित्र पुन्हा काढलं. पुढाऱ्याची हनुवटी पहिल्या चित्रापेक्षा बरीच लांब झाली होती. मी विचारलं तर म्हणाला, "पहिलं चित्र हात काढस. दुसरं राग काढस."

त्या वेळी मालकांचा फोन आला. चित्र थांबवा, असा निरोप होता. ज्या संपादकांनी त्याला दाखवायला जाऊ नका म्हणून बजावलं होतं, त्यांनीच तो फोन घेतला. "दाखवून आलेत, पान लागलंय," एवढंच ते म्हणाले. दाखवण्याच्या बाजूने संपादकांनी बोलण्याची ती माझ्या माहितीतली पहिली वेळ. चित्र छापून आलं.

त्याच्या नियमाचा एक तोटा होता आणि तो सगळा त्याच्याच वाट्याला आला. मोपेड जिथे जाऊ शकते तिथल्याच माणसांची चित्रं तो काढायचा. नंदुरबार, शहादा, म्हसावद, तळोदा, नवापूर. त्यापलीकडच्या कुणालाही त्याने कधी हात लावला नाही. मुख्य आवृत्तीकडून एकदा विचारणा झाली होती. देशपातळीवरच्या एका नेत्याची चित्रं पाठवा, चांगली वाटली तर राज्यभर लावू. मोठी संधी होती. कोणत्याही जिल्हा आवृत्तीतल्या चित्रकाराने ती सोडली नसती.

"त्यास्ले दखाडाले कोन जाई?" त्याने मला विचारलं. "तू?"

"फोनवर पाठव."

"फोनवर दोन निया टिकल्या दिसतस. तोंड दिसस नही."

निळ्या खुणा दिसतात, चेहरा दिसत नाही. मुद्दा हा होता. आपलं चित्र पहिल्यांदा पाहताना माणसाचं तोंड कसं होतं, ते त्याला बघायचं असायचं. तेवढ्यासाठी तो उन्हात मैलोन्‌मैल जायचा. तिथला चहा, तिथला आरडाओरडा, मग हळूच विचारलेलं "मन्हं नाक असं शे?" हे सगळं त्याच्या कामाचाच भाग होतं. छापील अंकाकडे तो फारसं बघायचाही नाही.

तेव्हा आमची वाटणी ठरली. "दिल्ली तुन्ही, नंदुरबार मन्हं," तो म्हणाला. मी दिल्ली-मुंबईची चित्रं काढत राहिलो. ती कुणालाच दाखवावी लागत नसत आणि त्यांच्याबद्दल कुणी भांडायलाही येत नसे. याचं मला सुख होतं. त्याला माझी त्याबद्दल थोडी कीव यायची.

आता दुसऱ्या कामाबद्दल. जिल्ह्यातलं कुणी परिचित माणूस गेलं की आमच्या दैनिकात बातमीसोबत रेखाचित्र छापायची पद्धत होती. घरून येणारे फोटो बहुधा आधार कार्डावरचे असत आणि छपाईत काळे पडत. म्हणून आमच्यापैकी एकाने चित्र काढायचं. हे काम त्याला आवडायचं नाही. ज्याचं चित्र आहे त्याला दाखवायची सोय नव्हती. मग तो घरच्यांना दाखवायला जायचा. ओट्यावर माणसं बसलेली, आत रडणं चाललेलं, आणि हा दारात कागद घेऊन उभा.

इथे मात्र तो विचारायला जायचा. जिवंत माणसाच्या सांगण्यावरून त्याने कधी एक रेघ बदलली नाही. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी सांगितलं की तो हवं ते बदलायचा. म्हसावदला एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी मी त्याच्याबरोबर होतो. त्याने मास्तरांना टोपी दाखवली होती. थोरली सून म्हणाली, टोपी ते फक्त बाहेर जाताना घालत. धाकटा मुलगा म्हणाला, पण लोकांनी त्यांना टोपीतच पाहिलंय. दोघांचं जमेना. शेवटी त्याने टोपी काढून मास्तरांच्या हातात दिली. चित्रात, अर्थात. घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली आणि मग कुणीतरी आम्हाला पाणी आणून दिलं.

मोपेडवर परत येताना मी विचारलं, "जित्तास्नं काबर आयकस नही मंग?" जिवंतांचं का ऐकत नाहीस?

"जित्ता मानूस उद्या स्वतः बदली सकस," तो म्हणाला. "मरेलले ते जमत नही."

पोटाच्या दुखण्याची तपासणी सुरतेला झाली. आमच्याकडचे लोक मोठ्या दुखण्याला सुरतेलाच जातात. गाडी सरळ आहे. तो परत आला तेव्हा फाईल जाड झाली होती आणि तो बारीक. वहिनींनी मला बाजूला घेऊन डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. वाक्य सुरू केलं की पूर्ण करायच्या. हेही पूर्ण केलं.

मोपेड सुटली. चौकट मात्र सुटली नाही. खिडकीशी टेबल लावून तो काढायचा, आणि आता ज्याचं चित्र असेल त्याला फोन करायचा: "ये भो, दखी जाय." लोक येऊ लागले. नगरसेवक आले, बाजार समितीतले आले, कारखान्यातले आले. स्वतःचं व्यंगचित्र पाहायला माणसं रिक्षा करून त्याच्या दारी येत, भांडत, चहा घेत, जात. कुणी भांडायचं टाळून नुसतंच "छान आहे" म्हटलं तर तो नाराज व्हायचा. "तुले काय वाईट वाटनं नही का? मंग चित्र चुकनं," म्हणायचा आणि कागद परत घ्यायचा. त्यामुळे लोक थोडं तरी भांडायचेच. मिरचीवाला तर एकदा भांडायलाच आला, की गेला पूर्ण हंगाम त्याचं एकही चित्र निघालं नाही. माझ्या मते ते त्याचे चांगले महिने होते. आयुष्यभर ज्यांच्या दारी गेला ती माणसं त्याच्या दारी येत होती.

त्याच दिवसांत सकाळी मला त्याचा फोन आला.

"कागद ले. मन्हं काढी ठेव. आनि दखाडाले ये."

कशाबद्दल ते मला लगेच कळलं. मी म्हणालो, "घाई काय शे?"

"मले घाई नही. डाक्टरले शे."

पहिलं चित्र मी ऑफिसात काढलं. त्याने कोपरा दोन बोटांनी धरला, मान तिरकी केली.

"हाऊ कोन शे? पत्रिकावरला नवरदेव?"

चित्र गुळगुळीत झालं होतं, हे खरं. गाल भरलेले, केस जागच्या जागी. "तुन्ही पेन्सिल घाबरी गई," तो म्हणाला आणि कागद परत दिला.

दुसरं मी त्याच्या समोर बसून काढलं. दिसतं तसं. गालाची हाडं, सैल झालेली कॉलर, खोल डोळे. रेषा चांगल्या आल्या होत्या. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि कप टेबलावर ठेवताना म्हणाल्या, "भाऊजी, हा आजार आहे. हे त्यांचं चित्र नाही."

"बाई बरोबर सांगस," तो म्हणाला.

मी अडकलो. दिल्लीतले लोक काढून काढून माझा हात सवयीचा झाला होता. ज्याला मी कधी पाहिलं नाही त्याचा चेहरा मला सहज जमायचा. हा रोज समोर होता आणि जमत नव्हता. आणि वेळ थोडा होता. त्याने पाहिल्याशिवाय हे चित्र छापलं गेलं, तर त्याच्याच दैनिकात, त्याच्याच चौकटीच्या पानावर, दाखवता येत असूनही न दाखवता छापलेला पहिला माणूस तोच ठरला असता. हे तो बोलला नाही. पण मी दारातून आत गेलो की तो आधी माझ्या हातांकडे बघायचा. हात रिकामे दिसले की इतर गप्पा सुरू करायचा.

मी त्याला ऑफिसात, टेबलापलीकडे बसलेला असा आठवत होतो. तिथेच चूक होती. गावाने त्याला तसा पाहिला नव्हता. गावाने त्याला पाहिलं ते स्वतःच्या टेबलासमोर, थोडा वाकलेला, आणि कागदाकडे नव्हे तर आपल्या तोंडाकडे बघणारा. समोरच्याचं काय होतंय हे पाहण्याची उत्सुकता चेहऱ्यावर घेऊन. तिसऱ्या चित्रात मी तोच काढला. कागद दाखवलाच नाही. फक्त तो, पुढे झुकलेला, समोर बघणारा.

त्याने ते बराच वेळ पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होतो, आणि तो इतकी वर्षं उन्हातान्हात कशासाठी हिंडला ते मला त्या वेळी कळलं. आधी कपाळ आक्रसलं, मग ओठ हलले, मग रंग थोडा चढला. आणि मग, ज्यांच्यावर तो आयुष्यभर हसला होता त्या सगळ्यांसारखं तो म्हणाला,

"मन्हा कान इतला मोठा शेतस का?"

त्याचे कान मोठे होते. हे मी इतका वेळ लिहिलं नाही, कारण गरज पडली नव्हती.

"शेतस," मी म्हणालो.

"थोडा कमी कर."

"नही."

"काबर? हाई मरनावरनं चित्र शे. मरेल मानूसनं आपन आयकतस."

"तू जित्ता शे. जित्तानं आयकतस नही."

त्याने पुन्हा चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. युक्तिवाद त्याचाच होता आणि त्यात फट नव्हती. तो हसायला लागला. हसताना पोट दुखलं म्हणून थांबला आणि पुन्हा हसला. वहिनी आतून बघायला आल्या.

"बरं शे," तो म्हणाला. "मंग जित्ताच बरा."

चहा झाला. मी चित्र घरी नेऊन शाईत पक्कं केलं. त्यानंतरही तो बरेच दिवस चौकट काढत होता. माझ्या चित्राचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मी दारातून आत गेल्यावर माझ्या हातांकडे बघणंही बंद झालं.

तो सकाळी गेला. वहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात पोहोचलो होतो. अंत्यसंस्कार दुपारी झाले. गर्दी मोठी होती, आणि तिच्यातल्या बहुतेकांची चित्रं त्याने काढलेली होती. तिथे उभं राहून लोक एकमेकांना सांगत होते, माझं त्याने असं काढलं होतं, तुझं तसं. थोडं हसणंही चाललं होतं आणि ते कुणाला खटकलं नाही.

संध्याकाळी पान लागण्याआधी मी चित्र घेऊन घरी गेलो. गेलेल्या माणसाचं चित्र घरच्यांना दाखवायचं, ही त्याचीच पद्धत. वहिनी त्याच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी चित्र हातात घेतलं, चष्मा लावून पाहिलं.

"छान आहे, भाऊजी. हेच ते."

मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

"कान लहान करा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय.

"ते सांगून गेलेत," वहिनी म्हणाल्या. शाळेतला निरोप जसाच्या तसा पोचवावा तशा. "म्हणाले, तो दाखवायला येईल. तू बघ, चांगलं म्हण, आणि मग कान लहान करायला सांग. माझं त्याने ऐकलं नाही. तुझं ऐकावंच लागेल."

एवढं सांगून त्यांनी ड्रॉवरमधून पांढऱ्या रंगाची त्याची बाटली काढली आणि ब्रश माझ्यापुढे ठेवला. बाटली नवी होती. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

मी त्याच्या खुर्चीत बसून दोन्ही कानांच्या कडांवर पांढरा रंग लावला, वाळायची वाट पाहिली आणि आत सरकवून नवी रेघ काढली. वहिनी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. उजवा कान झाल्यावर म्हणाल्या, "अजून थोडा." मी अजून थोडा केला.

दुसऱ्या दिवशी चित्र त्याच्या चौकटीच्या जागी आलं. सकाळपासून ऑफिसचा फोन वाजायला लागला. शहाद्याहून, तळोद्याहून, गावातल्या प्रत्येक पेठेतून. आधी लोक त्याच्याबद्दल बोलत, चित्र हुबेहूब आल्याचं सांगत आणि मग थोडं अडखळत, वाईट वाटून घेऊ नका म्हणत, एकच चूक दाखवत: कान फार लहान झालेत.

मी प्रत्येकाला सांगितलं, घरच्यांनी पाहून दिलंय.